जवाईबापूंचे वल्हे

गेल्या फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी मी, पत्नी, मुलगी आणि जावई असे चौघे मेहकर तालुक्यातल्या एका धरणाच्या पाण्यावर दोन कयाकांतून निघालो, पलीकडच्या काठावर एक मुक्काम केला आणि रविवारी दुपारी परत आलो. निघताना दोन कयाकांत मिळून दोनच वल्ही होती. चार असायला हवी होती. उरलेली दोन पत्नीने जाणूनबुजून गाडीत ठेवली होती.

कयाक जावयाच्या. तो मूळचा रत्नागिरीकडचा, नोकरीने पुण्याचा. लांबट, अरुंद, हवा भरायच्या या रबरी होड्या. हवा काढून घडी केली की एकेक मोठ्या पिशवीत मावते. पायाने दाबायच्या पंपाने फुगवायची, दोघांनी एकामागे एक बसायचे, आणि दोघांच्याही हातात दोन्ही टोकांना पाती असलेले एकेक वल्हे. पुण्याजवळच्या धरणांवर तो सुट्टीला जात असे. आमच्याकडे असे पाणी आहे का, हे त्याने मला फोनवर विचारले. जानेफळच्या पुढे आहे, मी सांगितले. ओळखीच्या एका शेतकऱ्याचे वावर त्या पाण्याला लागून आहे. पाणी ओसरले की उघड्या पडणाऱ्या गाळात तो हरभरा पेरतो. त्याच्या वावरामागे टेकडी, टेकडीवर साग आणि पळस. रस्ता नाही. त्याला फोन केला तर म्हणाला, "राहा न खुशाल. फक्त रोही हरभऱ्यात शिरले त हाकला." रोही म्हणजे नीलगाय.

सहल कशासाठी होती, हे चौघांनाही ठाऊक होते. मुलगी एकुलती एक. ती आणि जावई, दोघांचेही काम घरी बसून संगणकावर करता येण्यासारखे होते, आणि एक वर्ष मेहकरला येऊन राहावे असे मुलीच्या मनात होते. पत्नी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली. मुलगी बारावीनंतर घराबाहेर पडली ती पाहुणी म्हणूनच येत राहिली. वर्षभर ती गावात राहणार, संध्याकाळी सहज घरी येऊन जाणार, या कल्पनेने पत्नी त्या दिवसांत स्वयंपाक करताना गुणगुणत असे.

जावयाने नकार दिला नव्हता. होकारही दिला नव्हता. त्याची अडचण मुलीने आईला फोनवर सांगितली.

"आई, तो म्हणतो, चार दिवस जावई म्हणून राहता येतं. वर्षभर नाही."

"म्हंजे?"

"म्हणजे तू त्याला पाण्याचा ग्लाससुद्धा उचलू देत नाहीस."

"मंग? जवाई हायेत ते."

"या वेळेस बघू, असं म्हणालाय. माणसासारखं राहता आलं तर येऊ. तुझ्या हातात आहे, आई."

मागच्या दिवाळीत काय झाले होते ते इथे सांगायला हवे. जेवण झाल्यावर जावई स्वतःचे ताट उचलून मोरीकडे निघाला, तेव्हा पत्नीने ते त्याच्या हातातून अक्षरशः ओढून घेतले. वाटी पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो सगळ्यांच्या आधी उठला आणि त्याने सगळ्यांसाठी चहा केला. चहा चांगला झाला होता. पत्नीने तो घेतला, कप धुऊन ठेवला आणि मला बाजूला नेऊन बजावले, चहा कोणी केला हे कोणापुढे बोलायचे नाही. तिसऱ्या दिवशी जावयाने काहीही केले नाही. खुर्चीत बसून राहिला आणि संध्याकाळी मुलीला म्हणाला, आपण उद्या सकाळचीच गाडी घेऊ या.

वऱ्हाडात जावयाचा मान हा विषय नवा नाही. गाडीत पुढची जागा त्याची, पंगतीत पहिले ताट त्याचे. पण आमच्या घरी तो जरा जास्तच होता.

शनिवारी सकाळी शेजाऱ्याने आम्हाला त्याच्या गाडीने धरणाच्या काठाला आणले. रविवारी दुपारी तोच न्यायला येणार होता. सामान उतरवताना पत्नीचा पसारा निघाला. रोडग्यांसाठी, म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर भाजायच्या जाड रोट्यांसाठी, कणीक, वांगी, तुरीची डाळ, तुपाचा डबा, गोवऱ्यांचे अर्धे पोते आणि एक लाकडी पाट.

जावयाने पाट उलटा करून पाहिला. "आई, हा कशाला?"

"तुमाले बसाले. खाली मातीत बसान का?"

"याचे खिळे वर आलेत. कयाकच्या रबराला लागला तर हवा जाईल."

"असं हाय का," पत्नी म्हणाली. एवढ्या लवकर ती कुठलीच गोष्ट मान्य करत नाही. पाट परत ठेवायला ती स्वतः गाडीकडे गेली. आम्ही तिघे पंप मारण्यात गुंतलो होतो. कयाक फुगून तयार झाल्या, गाडी धूळ उडवत वळणाआड गेली, आणि मग वल्ही मोजली गेली.

"चार होती," जावई म्हणाला.

"राह्यले असतील गाडीत," पत्नी म्हणाली. "दोन डोंगे, दोन वल्हे. पुरते न."

मुलीने आईकडे पाहिले. "आई, तू ठेवलीस ना मागे?"

"मले काय माहीत वं बाई."

"पाट ठेवायला गेलीस तेव्हा ठेवलीस."

"आता घे! मी काय करू त्या दांड्याईचं?" मग जावयाकडे वळून, आवाज बदलून, "जवाईबापू, तुमी पुढं बसा. पुढून नीट दिसते."

वल्ही तिनेच गाडीतल्या सतरंजीखाली सारली होती, हे तिने मला त्याच संध्याकाळी सांगितले. तिचा हिशेब सरळ होता. हातात वल्हे नसले तर जावई वल्हवणार नाही. वल्हवणार नाही तर त्याला राबताना कोणी पाहणार नाही.

जावई अंगाने चांगला भरलेला आहे. वजनदार माणसाने मागे बसायचे असते, असे त्याने समजावून पाहिले.

"मांगं त डायव्हर बसते," पत्नी म्हणाली.

मुलगी हळूच त्याला म्हणाली, "अरे, आता बस पुढे. पहिल्याच तासाला भांडण नको." तो बसला. मागे वल्हे घेऊन मी. दुसऱ्या कयाकमध्ये मागे मुलगी आणि पुढे पत्नी, साडीवरून नारिंगी लाइफ जॅकेट घातलेली, मांडीवर तुपाचा डबा. अर्धे पोते गोवऱ्या तिच्या पायांशी.

पत्नी पाण्याला घाबरते. घाबरली की ती वंदना म्हणते. काठ सुटताच तिने 'बुद्धं सरणं गच्छामि' सुरू केले आणि ते पाण्यावरून स्पष्ट ऐकू येत राहिले. मध्येच थांबून ती ओरडे, "जवाईबापू, टोपी घाला, ऊन लागते!" आणि पुन्हा सोडले तिथून पुढे.

पहिला टप्पा ठीक गेला. पाणी स्थिर होते. ओसरलेल्या काठावर बगळे उभे होते, आणि एका बेटासारख्या उंचवट्यावर नारिंगी रंगाची मोठी बदके बसली होती. ती आम्हाला पाहून उठली आणि कुरकुरत दूर जाऊन बसली. जावई मागे वळून म्हणाला, "बाबा, ही चक्रवाक. हिवाळ्यात उत्तरेकडून येतात." बऱ्याच वेळाने त्याचा आवाज मोकळा वाटला.

उघड्या पाण्यात आल्यावर वारा लागला. पुढचे टोक जावयाच्या वजनाने दबले होते आणि मागचे उचलले गेले होते. वारा हे हलके टोक ढकलत राहिला. मी उजवीकडून दोन हात मारले की कयाक डावीकडे फिरे, डावीकडून मारले की उजवीकडे. थोड्या वेळाने आम्ही ज्या काठावरून आलो त्याच्याकडेच तोंड करून होतो. मी पासष्टीचा आहे आणि माझा उजवा खांदा जुना दुखरा आहे. तो आता बोलू लागला.

"बाबा, वल्हं माझ्याकडे द्या," जावई म्हणाला.

वाऱ्यावर शब्द पलीकडच्या कयाकपर्यंत गेले. "अहो, देऊ नका! जवाईबापू, तुमी घेऊ नका. त्याह्यले जमते. हळूहळू होते."

जवळच एक मासेमार जाळे ओढत होता. थर्माकोलच्या जाड तुकड्याला प्लास्टिकचा कागद गुंडाळून केलेला तराफा, त्यावर मांडी घालून बसलेला. आम्ही फिरत फिरत त्याच्याजवळ आलो तेव्हा त्याने हातातले काम थांबवले आणि निवांतपणे आमच्याकडे पाहिले.

"राम राम. काय फेऱ्या मारून राह्यले का बुवा?"

"वारा आहे," मी म्हणालो.

"वारा त मलेबी हाय." त्याने जावयाकडे पाहिले. "पाहुणे, बुढ्याले घाम फुटला. तुमी हवा खाऊन राह्यले का?"

पलीकडून पत्नीचा आवाज आला, "ते जवाई हायेत आमचे!"

"असं हाय का!" मासेमार मोठ्याने हसला. "मंग बरोबर हाय. लोकं जवाईले सालदार ठेवते, या जवाईनं सासराच सालदार ठेवला!"

सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा गडी. मासेमाराच्या मनात वाईट काही नव्हते. त्याने हसत हसत आम्हाला काठाची दिशा दाखवली आणि पुन्हा जाळ्याला लागला. पण पत्नीची वंदना थांबली, ती काठ येईपर्यंत पुन्हा सुरू झाली नाही.

 जावयाने टोपी काढून मांडीखाली ठेवली, दोन्ही बाजूंना वाकला आणि तळहातांनी पाणी ओढायला सुरुवात केली. मी म्हणालो, कयाक कलंडेल. तो म्हणाला, "नाही कलंडत." त्याचे हात मोठे आहेत. मागून मी आणि पुढून त्याचे तळवे, असे आम्ही काठाला लागलो. मुलगी आणि पत्नी आमच्या आधी पोचल्या होत्या. काठावर उभी राहून पत्नी त्याचे कोपरापर्यंत भिजलेले हात पाहत होती.

दुपारी तंबू उभे राहिले. हरभऱ्याच्या वावराच्या कडेला सपाट जागा होती. मागे टेकडीवर पळसाला फुले आलेली, झाडावर एकही पान नाही. तंबूच्या खुंट्या ठोकण्याचे काम जावयाने कोणाला न विचारता केले आणि पत्नीने ते पाहून न पाहिल्यासारखे केले. पण चूल मांडायची वेळ आली आणि तो गोवऱ्या मोडायला बसला, तेव्हा तिच्या तोंडून सवयीने निघालेच, "राहू द्या, राहू द्या जवाईबापू." तो उठला. पाण्याच्या कडेला जाऊन एका खडकावर आमच्याकडे पाठ करून बसला. मुलगी त्याच्याकडे गेली. बराच वेळ दोघे बोलत होते. मुलगी परत आली तेव्हा मी वांगी चिरत होतो.

"तो नको म्हणतोय," ती म्हणाली.

पत्नीने कणकेतून हात काढला. "काय नको?"

"इथं येऊन राहायला नको. म्हणतो, माणसं चांगली आहेत, पण मला इथं गमणार नाही."

मन रमणे याला आमच्याकडे गमणे म्हणतात. तो शब्द त्याने मुलीकडून उचलला होता.

पत्नी पुन्हा कणीक मळू लागली. "मासेवाल्याच्या बोलण्याचा राग आला असन."

"त्याचा नाही, आई. तुझा आलाय."

"माहा? मी त्याह्यले फुलावानी ठेवून राह्यली!"

"तेच तर. फुलासारखं ठेवतेस. त्याला पाणी आणायला लाव, बाजारात पाठव, चुकला तर रागव. माझ्यावर ओरडतेस तशी ओरड त्याच्यावर."

"जवाईवर ओरडू? अन् मंग? लोकाईनं म्हणावं का मास्तरीणबाईनं जवाई कामाले लावला?"

"लोक काय म्हणायचं ते म्हणालेच ना आज."

 पत्नीने कणकेचा गोळा लाटला, त्यावर तूप लावून घडी घातली, पुन्हा लाटला. रोडग्यात असे पदर घालावे लागतात. मग ती मुलीला म्हणाली, "तुह्या मोठ्या मावसाजीची गोष्ट तुले माहीत नाही."

ही गोष्ट मला माहीत होती, पण तिने ती मुलीला कधी सांगितली नव्हती. पत्नीचे माहेर संग्रामपूर तालुक्यात, वरवट बकालच्या बाजूला. थोडी शेती, बरीच मजुरी. तिच्या थोरल्या बहिणीचे नवे लग्न झाले होते आणि जावई ज्वारीच्या दिवसांत सासुरवाडीला आले होते. सगळे घर वावरात होते. रिकामे बसवेना म्हणून तेही गेले आणि कडब्याच्या पेंढ्या बैलगाडीत टाकू लागले. रस्त्याने जाणारा कोणीतरी त्यांना म्हणाला, जवाई हाय का सालदार? एवढेच. ते हसले, पेंढ्या टाकून झाल्या, संध्याकाळी जेवले आणि दुसऱ्या दिवशी निघून गेले. त्यानंतर ते त्या घरी कधी जेवले नाहीत. बहिणीला दाराशी सोडून परत जात. तिच्या आईने, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, अनेक निरोप धाडले.

"आई मरेपर्यंत म्हणत होती, मी त्याह्यले पेंढीले हात लावू द्याले नाही पायजे होता," पत्नी म्हणाली. "मी तवा सहावीत होती. पेंढ्या म्याच देत होती त्याह्यच्या हातात."

घरात हे बोलणे स्वयंपाकघरात झाले असते आणि जावई पुढच्या खोलीत असता. इथे भिंत नव्हती. पाण्यावरचा वारा पडला होता आणि खडक फार लांब नव्हता. जावई उठून आला आणि चुलीच्या पलीकडे, सरळ मातीत, मांडी घालून बसला. पत्नीने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"आई, मला टोमण्याचा राग नाही आला," तो म्हणाला. "तो विनोद चांगला होता."

पत्नी खाली पाहत होती.

"बाबांचा खांदा दुखत होता. मला दिसत होतं. आणि मी पुढे बसलो होतो, मानाने. त्याचा राग आला. माझ्या घरी माझे बाबा वल्हवत असते आणि मी नुसता बसलो असतो, तर आईने माझ्या पाठीत धपाटा घातला असता."

"तुमच्या आईची गोष्ट अलग हाय."

"का? ती आई आहे म्हणून?"

तेवढ्यात आरावरचा, म्हणजे निखाऱ्यांवरचा, पहिला रोडगा करपू लागला. गोवऱ्यांचा आर मोठा झाला होता आणि मी पाहत नव्हतो. पत्नीचे दोन्ही हात कणकेत होते.

"अहो पाहता काय, पलटवा तो!" ती ओरडली. ओरडली ती जावयावर. मी तिच्या मागे होतो.

तो इकडेतिकडे पाहू लागला. "चिमटा कुठंय?"

"चिमटा कायले लागते? हातानं पलटवा! एवढे मोठे झाले अन् रोडग्याले भेता का?"

त्याने हाताने पलटवला, बोटे झटकली आणि "आई गं" म्हणाला. मुलगी हसली. पत्नीला आपण काय बोललो ते तेव्हा कळले असावे. तिने पदर तोंडाला लावला. जावयाने दुसरा रोडगा पलटवला, मग तिसरा. तिने त्याला थांबवले नाही. सांगितलेही नाही. तो आपणहून आराजवळ बसून राहिला आणि आम्ही तिघांनी डाळ आणि वांग्याची भाजी उरकली. रोडगे फोडून वर तूप सोडल्यावर पहिले ताट त्यालाच दिले गेले. त्याने ते मुकाट्याने घेतले. चार रोडगे खाल्ले आणि म्हणाला, पदर मोजून पाहिले, सगळ्यांत सारखे नाहीत. पत्नी म्हणाली, "उद्या तुमी लाटा मंग."

जेवणानंतरची भांडी मुलीने आणि मी घासली. अंधार पडला. हरभऱ्यात रोही आले, आम्ही डबे वाजवले, ते गेले. जावयाने राहण्याबद्दलचा आपला शब्द बदलला नव्हता. मुलीने विचारलेही नाही.

रविवारी सकाळी खांदा आखडला होता. मला हात डोक्यावर नेता येईना. परत जायला वल्ही दोनच. मुलगी एक घेणार हे ठरलेले होते. दुसरे जावयाने घ्यावे लागणार होते, हे सगळ्यांना दिसत होते, आणि ते कोण बोलते याची सगळे वाट पाहत होते. पिशव्या बांधून झाल्या. पत्नी काठावर उभी राहून दोन्ही कयाकांकडे आळीपाळीने पाहत होती.

"तुमी पोरीच्या डोंग्यात बसा," ती मला म्हणाली. "मी जवाईबापूच्या डोंग्यात बसते."

मुलीने हातातली पिशवी खाली ठेवली. सासू आणि जावई एका बाकावर बसत नाहीत, अशा घरात पत्नी वाढली आहे. जावयाशी ती बोलते तेव्हाही अर्धी वळून बोलते.

"नक्की?" मुलीने विचारले.

"मी पुढं बसन. पाठ त्याह्यच्याकडे राह्यते. मंग काय हरकत हाय?"

जावयाने तिला हात देऊन बसवले. ती हलकी आहे. तो मागे बसला, वल्हे घेतले, आणि या वेळी कयाक पाण्यावर समतोल राहिली. तिने एका हाताने कडेची दोरी धरली होती. वंदना सुरू झाली. मग आम्ही निघालो, आणि काही वेळाने माझ्या लक्षात आले की वंदनेच्या जागी दुसरेच काही ऐकू येत होते.

"डाव्या आंगानं घ्या. तिकडं लाटा हायेत... हळू! एवढं कायले पळवून राह्यले? आपल्याले कुठी जाचं हाय?... थांबा, थांबा. ते कालचे पाखरं."

कयाक थांबली. नारिंगी बदके उंचवट्यावर होती. या वेळी ती उठली नाहीत.

"काय नाव म्हणे यांचं?"

"चक्रवाक."

"कुठून येते?"

त्याने काय सांगितले ते वाऱ्यात नीट ऐकू आले नाही. तिबेटचे नाव आले एवढे कळले. पत्नीने काहीतरी लांबलचक विचारले. तिने चाळीस वर्षे मुलांना भूगोल शिकवला आहे. बाजूच्या गावाचा नाला जिथे जलाशयाला मिळतो तिथे पाणी आत शिरून एक अरुंद फाटा तयार झाला आहे. त्यांची कयाक सरळ काठाकडे यायची सोडून त्या फाट्यात शिरली आणि झाडीआड दिसेनाशी झाली.

मुलगी आणि मी आधी काठाला लागलो. मी तिला विचारले, काही झाले असेल का. ती म्हणाली, "आईचा आवाज येतोय." येत होता. शब्द कळत नव्हते, पण वर्गात बोलावे तसा चढा आणि अखंड होता.

शेजारी गाडी घेऊन आला. त्याने गाडीच्या मागच्या भागातून दोन वल्ही काढून मला दाखवली. "सर, हे काल इथंच राह्यलं होतं. सतरंजीच्या खाली." मी म्हणालो, हो.

कयाक फाट्यातून बाहेर आली तेव्हा दोघेही भिजलेले होते. फाट्याच्या टोकाला गाळात कयाक रुतली होती आणि जावयाला उतरून ढकलावी लागली होती, असे पत्नीने सांगितले. ढकलताना तिनेही उतरावे असे तिला वाटले, म्हणून तीही उतरली. तिच्या साडीला गुडघ्यापर्यंत चिखल होता.

"याह्यले सांगा कोणी," ती जावयाकडे हात करून मुलीला म्हणाली, "मी म्हणत होती आत जाऊ नका, पाणी कमी हाय, त ऐकतच नाही हा माणूस."

"तुम्हीच म्हणालात आत काय आहे बघू," जावई म्हणाला.

"मी म्हटलं म्हणून काय झालं? तुमाले डोळे नाहीत?"

मुलगी माझ्याकडे पाहत होती. मी कयाकमधली हवा सोडायला घेतली.

त्या फाट्यात दोघांचे काय बोलणे झाले, हे मी दोघांना वेगवेगळे विचारले आहे. पत्नी म्हणते, काही नाही, पाखरांचंच. जावई म्हणतो, बरंच, पण ते त्यांनीच सांगावं. दोन्हींपैकी एकालाही दुजोरा मिळालेला नाही. राहायला येण्याचा विषय परतीच्या गाडीत निघाला नाही. पुण्याला निघतानाही निघाला नाही. मार्चमध्ये मुलीचा फोन आला आणि तिने आईला विचारले, मेहकरमध्ये भाड्याने घर बघशील का. पत्नीने कोणासाठी असे विचारले नाही.

एप्रिलच्या शेवटी ती दोघे आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहायला आली. सामानाचा टेम्पो रिकामा होत असताना पत्नी गल्लीच्या मधोमध उभी होती. आजूबाजूच्या बायका ओट्यावर येऊन पाहत होत्या. तिने जावयाला भरलेली गॅसची टाकी उचलायला सांगितले. त्याने ती खांद्यावर घेतली आणि दुसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवली.